एकोणीस पुसट अंगठे

१

चौक गावच्या देवळाबाहेर चिकटवलेली यादी जिजाबाईने अख्खीच्या अख्खी सोलून आणली होती. कागदाच्या पाठीवर खळ आणि खळीला भिंतीचा चुना. ती यादी तिने नीलिमा टिपणीसच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी आपटली.

"हिच्यात माजा नाव हाय. ता काढ."

नीलिमाने कप बाजूला घेतला. सकाळी सकाळी कुणी असं अंगावर आलेलं तिला खपत नसे. तरीही तिने म्हातारीला बसायला सांगितलं, आणि म्हातारी बसली नाही.

साल १९९४. भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या मागे पालिकेचा समाजकल्याण विभाग होता आणि नीलिमा तिथली निरीक्षक होती. निराधार विधवांना दरमहा अनुदान द्यायची पालिकेची एक योजना होती. चौकच्या यादीत चौपन्न बायका. दीड महिन्यापूर्वी एक निनावी पत्र आलं, की यात बोगस नावं घुसवली आहेत. नीलिमाने तपास केला. प्रत्येकीचा अर्जावरचा अंगठा आणि वाटपाच्या रजिस्टरमधला अंगठा शेजारी शेजारी ठेवून पाहिला. एकोणीस जणींचा जुळला नाही. त्यांची नावं काढली गेली आणि गावात जाहीर लावली गेली. खाली सही नीलिमाचीच होती. परवा, शनिवारी दुपारी, मुख्याधिकारीसाहेब त्या एकोणीस जणींविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची तक्रार करणार होते.

"जिजाबाई, तुमचे दोन अंगठे जुळत नाहीत," नीलिमा म्हणाली. "कुणीतरी तुमच्या नावावर पैसे घेत होतं, किंवा तुम्ही..."

"मी चोर," जिजाबाईने वाक्य पुरं केलं. "गावात पोरा पन ह्याच बोलतान. माजा घोव दर्यात गेला त्याला अठरा वरसा झाली. त्या मेल्या मानसाच्या नावावर मी चोरी करन? आन ती शाई. आता घे माजा अंगठा, तुज्या म्होरं."

नीलिमाने पॅड सरकवलं. अंगठा उमटला तो जांभळा डाग. रेघ नाही, वळण नाही, नुसता गोळा. तिने दुसऱ्यांदा शाई कमी लावून घेतला, तिसऱ्यांदा स्वतः हात धरून घेतला. तीन डाग.

"आजी, बोट भिंतीला नाही हं पुसायचं," पलीकडच्या टेबलावरून हेडक्लार्क पंढरीनाथ दामले मऊ आवाजात म्हणाले. कपाळाला गंध, कॉलरला रुमाल, हात सदा धुतलेले. भिंतीवर त्यांनीच सुरेख अक्षरात पाटी लावली होती, 'अंगठा पुसून भिंत खराब करू नये'. पाटीखालची भिंत अर्थातच जांभळी होती. जिजाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, बोट डोक्याच्या केसांत पुसलं.

नीलिमाने तो हात पुन्हा धरला आणि उलटा केला. बोटांची टोकं पांढरी, फुगलेली, गुळगुळीत. न्हाणीत वापरून संपत आलेली साबणाची वडी असते तशी.

"काय काम करता तुम्ही?"

"करंदी सोलतंय, बारकी कोलंबी. शेडमदी. बरफातली. चवदा वरसा. करंदीचा पानी बोटा खाता गो बाय."

"आणि यादीतल्या बाकीच्या अठरा जणी?"

"समद्या शेडवाल्या."

नीलिमाने एकोणीस खोट्या बायका पकडल्या नव्हत्या. एकोणीस झिजलेले हात पकडले होते.

२

पण मग पत्रातलं ते बोगस प्रकरण निव्वळ थाप होती का? नीलिमाने रजिस्टर उघडलं आणि ज्या पस्तीस जणी तिने स्वतःच्या सहीने खऱ्या ठरवल्या होत्या, त्यांची नावं एकेक करून जिजाबाईला वाचून दाखवली.

"शेवंती धाकू."

"हाय. मच्छी विकते. बोटा बरी हान तिची."

"आशा हिराजी."

"हाय."

अकराव्या नावाला जिजाबाईने मान हलवली. "ही कोन? न्हाय आमच्यात." मग सतराव्याला. मग ओळीने तीन. नीलिमा पेन्सिलीने खूण करत गेली. कुणाचा नवरा कधी गेला, हे चौकमध्ये लहान पोरही सांगू शकलं असतं. गाव केवढं, घरं केवढी. शेवटी खुणा मोजल्या तर दहा भरल्या. गावात कुणी कधी न पाहिलेल्या दहा विधवा दर महिन्याला अंगठा लावून अनुदान घेत होत्या, आणि त्यांचे अंगठे असे स्वच्छ उमटले होते, की शाळेच्या तक्त्यावर लावावेत.

जिजाबाईला तिने घरी पाठवलं. जाताना म्हातारी दारातून म्हणाली, "परवा पोलिस आले तं मी शेडमदी नसन. घरी बसन, दार उगडा ठेवून. पलाली असा कोनी बोलाला नको."

नीलिमाने ड्रॉवरमधून भिंग काढलं. ते दहा ठसे तिने तपासाच्या वेळीही पाहिले होते, पण प्रत्येक ठसा त्याच्याच अर्जाशी ताडून. दहा ठसे एकमेकांशेजारी ठेवून पाहायची बुद्धी तिला झाली नव्हती. आता तिने दहाही अर्ज काढून टेबलावर पसरले.

सगळे ठसे वेगळे होते, त्यात शंका नव्हती. पण दोन ठसे चांगले रुंद होते. दोन अगदी चिमुकले, एखाद्या लहान मुलीचे वाटावेत असे. उरलेले सहा मधले. रुंद दोन सारख्याच मापाचे, चिमुकले दोनही सारखेच. मधल्या सहांच्याही तीन जोड्या लागत होत्या.

तिने आपले दोन्ही हात अर्जांवर ठेवले, बोटं पसरून. अंगठे दोन रुंद. करंगळ्या दोन बारीक. मधली सहा.

दहा बायका नव्हत्याच. एकच माणूस होता, आणि त्याला दहा बोटं होती. दर महिन्याला तो बसून एकेका नावापुढे एकेक बोट टेकवत होता, आणि इतका व्यवस्थित, की कुठलं बोट कुठल्या बाईचं हे एकदाही चुकला नव्हता. अकरावी बाई त्याने घातली नाही, ती लाज वाटली म्हणून नाही. बोटं संपली म्हणून. नीलिमाने खिडकी उघडली, आणि मग लक्षात आलं की त्या माणसाने कदाचित आज सकाळी तिला नमस्कारही केला असेल.

३

रजिस्टर एकट्याच्या ताब्यात येई अशी माणसं तीनच होती. दर महिन्याच्या दहा तारखेला शिपाई धर्माजी ते रिक्षाने चौकला नेई. तिथे देवळाच्या ओट्यावर महिला मंडळाच्या हंसाबेन बसत, बायकांची ओळख पटवून सही करत, आणि रजिस्टर एक रात्र त्यांच्याच घरी राही. दुसऱ्या दिवशी ते पंढरीनाथांच्या टेबलावर येई. ज्या बायका वाटपाला आल्या नाहीत त्यांना पैसे नंतर देऊन अंगठे घ्यायचे असत. ते कोण घेतं, हे प्रत्येक जण दुसऱ्याला ठाऊक असेल असं धरून चालला होता.

"मॅडम, तुम्हाला सांगतो, धर्माजीवर लक्ष ठेवा," पंढरीनाथ दुपारी डबा उघडताना म्हणाले. तिने काही विचारलं नव्हतं. "गरीब आहे बिचारा, पण पितो. गावचाच माणूस. घुसवली असतील एकोणीस नावं, काय सांगता येतं?"

धर्माजी जिन्यात सापडला. पन्नाशीचा, मूळ चौकचा, एकेकाळचा खलाशी. त्याचे डोळे लाल होते.

"धर्माजी, बायकांकडून तू काय घेतोस?"

तो दचकला. मग खाली बघत म्हणाला, "काय न्हाय बाय. च्यापान्याचा. खुशीनं देतान."

"खुशीने? अनुदानातून?"

"दोन-दोन रुपय. कोन मच्छी देता. जिजीमावशी काय देत न्हाय, ती शिव्या देते." तो हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून थांबला. "समदेच घेतान बाय. मी यकलाच हाय का?"

नवरे गमावलेल्या बायकांच्या मुठीतून दोन-दोन रुपये काढणारा हा माणूस. नीलिमाला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण चोरी वेगळी आणि ही घाण वेगळी, हे तिला कळत होतं.

"हात दाखव. दोन्ही."

डावा हात त्याने पुढे केला. उजवा खिशातच ठेवला. ती हलली नाही, तेव्हा तोही काढला. मधलं बोट पहिल्या पेरापाशीच संपलं होतं.

"यांत्रिक बोटीच्या पंख्यात गेला," तो म्हणाला. "म्हनून तं दर्या सोडला."

म्हणजे बोटांची टोकं नऊच. त्या दहांत हा नव्हता. आणि मग पंढरीनाथ त्याचं नाव न विचारता का घेत होते? स्वभाव असेल, असं नीलिमाने स्वतःला सांगितलं. हेडक्लार्क सोज्वळ माणूस होता, आणि अंगठ्यांची कल्पना तर त्यांचीच होती. निनावी पत्र आलं त्याच दिवशी ते म्हणाले होते, "मॅडम, माणूस खोटं बोलतो, अंगठा बोलत नाही. अंगठे ताडून पाहा, दोन दिवसांत निकाल लागेल."

त्याच दिवशी. नीलिमा जिन्यातच थांबली.

४

घाईत माणसाला दोषी ठरवण्याचा एक प्रयोग तिने करून पाहिला होता. दुसरा करायची तिची तयारी नव्हती. शुक्रवारी सकाळी ती हंसाबेनच्या घरी गेली.

स्टेशनजवळच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घर. दिवाणखान्यात झोपाळा, भिंतीवर सत्काराच्या शाली घातलेले फोटो. हंसाबेन झोपाळ्यावर बसून मांडीवरच्या ताटात भेंडी चिरत होत्या. त्यांनी नीलिमासाठी चहा, ढोकळा, सगळं मागवलं.

"अरे नीलिमाबेन, तुम्ही तर कमाल केली! ओगणीस बोगस! मी बोलली आमच्या मंडळात, की एवढी हुशार बाई..."

"हंसाबेन, या दहा अर्जांवर ओळख पटवल्याची सही तुमची आहे. या बायका तुम्ही पाहिल्यात?"

हंसाबेननी अर्ज लांब धरून पाहिले. "सही तर माझीच छे."

"बायका?"

"आता एवढ्या बायकांमध्ये कोण कोणाला लक्षात ठेवते? गरीब लोक, सगळ्या सारख्याच दिसतात."

"अर्ज भरल्यावर सही केली की आधी?"

झोपाळा थांबला. "तो पंढरीनाथभाई कोरे फॉर्म पाठवते. हूं एकदम पन्नास साइन करी दऊं. वारंवार कोण बसणार? सेवा पण करायची, घर पण बघायचं."

सेवा. नीलिमाने भिंतीवरच्या शालींकडे पाहिलं. कोऱ्या कागदावर माणसांची ओळख पटवणारी ही बाई, आणि तिला दरवर्षी नारळ देऊन आपणही टाळ्या वाजवल्या होत्या. तिने चहा बाजूला सरकवला.

पण दहा बोटं हिची असतील का? रजिस्टर रात्रभर हिच्याच घरी असतं. नीलिमा त्या हातांकडे बघत राहिली. हंसाबेन भेंडी हातातच धरून अंगठ्यावर सुरी टेकवत चिरत होत्या. अंगठ्याच्या पेरावर आडव्या बारीक रेघांचं जाळं होतं, वर्षानुवर्षांचं. नीलिमाने आपला अंगठा पाहिला. ती विळीवर चिरत असे. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला तसेच काप, काही जुने, एक कालचा. घर चालवणाऱ्या बाईच्या बोटांवर ते असतातच.

पर्समधून भिंग काढून तिने दहाही ठसे तिथेच, झोपाळ्यासमोर, पुन्हा तपासले. कापाची पांढरी रेघ एकावरही नव्हती. दहातल्या एकाही बोटाने कधी कांदा चिरलेला नव्हता. ती दोर ओढणारी नव्हती, बर्फात बुडणारी नव्हती. आयुष्यभर कागद हाताळलेली, वेळच्या वेळी धुतलेली बोटं होती ती.

"हंसाबेन, कोरे फॉर्म अजून आहेत तुमच्याकडे?"

"हा, आहे ना. परवाच पाठवले. अजून दहा बाजूला ठेवायला बोलले, नवीन नावं घ्यायची छे ना, ती ओगणीस निघाली म्हणून."

५

संध्याकाळी पावणेसहाला कचेरी रिकामी झाली. नीलिमा पंढरीनाथांच्या टेबलासमोर उभी होती. वर सगळं नेटकं. शिक्के ओळीत, पॅड झाकलेलं, देवाचा छोटा फोटो, त्याला ताजं फूल.

एक गोष्ट तिला दिवसभर छळत होती. कचेरीच्या शाईने बोट माखलं की माणूस ते कुठेतरी पुसतोच. चौकच्या बायका केसांत पुसतात, शिपाई भिंतीला, कारकून रद्दीला. पण चोरून दहा बोटं माखणारा माणूस काय करेल? रुमालाला पुसणार नाही, रुमाल घरी धुवायला जातो. टोपलीतला कागद झाडूवाला बघतो. भिंतीवर तर त्याचीच पाटी. उठून नळापर्यंत जायचं तर दहाही जांभळी बोटं घेऊन सगळ्यांसमोरून जायला हवं.

ती खुर्चीत बसली. दोन्ही हात सहज टेबलाखाली नेले, तर बोटं आपोआप फळीच्या खालच्या अंगाला लागली. ती वाकली.

फळीचा खालचा भाग जांभळा होता. थरावर थर, जुने काळपट, वरचे ताजे. उजवीकडे पाच बोटांचे फराटे, डावीकडे पाच. शिक्का मारताना एखादं बोट माखतं, ते कुणाचंही माखेल. दोन्ही हातांची दहाही बोटं कुणाची माखतात?

"काही हरवलं का मॅडम?"

पंढरीनाथ दारात होते. विसरलेली छत्री घ्यायला ते परत आले होते. नीलिमा सावकाश उठून उभी राहिली.

"चौकच्या दहा बायका सापडल्या," ती म्हणाली. "तुमच्या टेबलाखाली."

ते घाबरले नाहीत. दार लोटून घेऊन समोरच्या स्टुलावर बसले, आणि ज्या आवाजात ते म्हाताऱ्यांना भिंत खराब करू नका सांगत त्याच आवाजात बोलू लागले.

"पुढच्या महिन्यात जिल्ह्याची तपासणी येतेय. त्यांना यादीत बोगस सापडलेच असते. सापडण्याआधी आपणच शोधून दिले, तर कौतुक होतं. झालं ना तुमचं? पेपरात नाव आलं."

"पत्र तुम्हीच लिहिलंत. आणि अंगठे पाहायलाही तुम्हीच सांगितलंत. शेडवाल्यांचे जुळणार नाहीत हे तुम्हाला माहीत होतं."

"दर महिन्याला बघतो ना मी रजिस्टर. त्या अंगठ्यांना ओळखच नाही हो, त्याला मी काय करू?" ते हसले. "मॅडम, त्या एकोणीस जणींना पुन्हा घेऊ. नवीन अर्ज करू दे. तक्रार साहेबांना थांबवायला लावतो. दहा नावं राहिली तर कुणाचं काय जातंय? सरकारचा पैसा."

"त्यांना गावात चोर म्हणतात."

"विसरतील. आणि तुम्ही वर गेलात, तर एवढं लक्षात ठेवा, यादीखाली सही तुमची आहे. माझी कुठेच नाही."

खरं होतं ते. त्याची सही कुठेच नव्हती, आणि तिची प्रत्येक पानावर होती. अठरा वर्षांची नोकरी, मिरा रोडला पूनम सागरमध्ये घेतलेल्या घराचं कर्ज. नीलिमाने त्याच्या स्वच्छ हातांकडे पाहिलं, आणि इतकी किळस तिला उघड्या गटाराचीही कधी आली नव्हती.

६

शनिवारी अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये तक्रारीचा कागद सहीसाठी तयार होता. नीलिमाने त्यावर आपला कागद ठेवला. पहिली ओळ अशी होती: 'चौक येथील एकोणीस लाभार्थींना बोगस ठरवण्याची चूक माझी आहे.'

पंढरीनाथ, हंसाबेन आणि धर्माजी भिंतीशी उभे होते. तिने त्यांनाही बोलावून घ्यायला लावलं होतं. मग तिने सगळं सांगितलं, न थांबता. करंदीचं पाणी, दहा अनोळखी नावं, मापाच्या जोड्या. धर्माजीचं बोट. भाजी चिरणाऱ्या हातांवरचे काप. पत्र येताच अंगठ्याकडे बोट दाखवणारा माणूस, आणि एकोणीस जागा रिकाम्या होताच आणखी दहा कोरे फॉर्म मागवणाराही तोच माणूस. शेवटी टेबलाची फळी.

"आता बोटं संपली होती ना," साहेबांनी विचारलं, "मग आणखी दहा फॉर्म कशाला?"

"पायांची आहेत की साहेब," नीलिमा म्हणाली.

"टिपणीसबाई, हे सगळं तर्क झाले," साहेब कुजबुजले. "पालिकेच्या अब्रूचा प्रश्न आहे. आपण आपसात..."

"अब्रू आपण आधीच देवळाच्या भिंतीवर लावलीय साहेब, त्या बायकांची. तर्क नको असतील तर पॅड मागवा. दामलेंनी या कागदावर दहा बोटं टेकवावीत. निर्दोष असतील तर मी आत्ता राजीनामा देते."

धर्माजीने पॅड आणून ठेवलं. पंढरीनाथांनी साहेबांकडे पाहिलं, गंध लावलेलं कपाळ रुमालाने टिपलं. "साहेब, माझी या वयात अशी अवहेलना..."

"टेकवा ना," नीलिमा म्हणाली. "एक मिनिटाचं काम आहे."

पंढरीनाथांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. साहेबांनी तक्रारीचा कागद फाडला.

त्यानंतर जे झालं ते सांगायलाही नको वाटतं. पंढरीनाथ निलंबित झाले. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, आणि तो त्यांना पहिल्या महिन्यापासून एक तारखेला मिळू लागला, कारण कर्मचाऱ्याच्या कुटुंबाने उपाशी राहू नये अशी तरतूद आहे. एकोणीस बायकांचं अनुदान मात्र समितीच्या मंजुरीसाठी गेलं, आणि समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. नीलिमाला मेमो मिळाला आणि एक वेतनवाढ गेली. हंसाबेनना कुणी काही विचारलं नाही. धर्माजीने दोन रुपये घेणं थांबवलं, निदान नीलिमाच्या देखत.

७

नावं यादीत परत घेतल्याचा कागद साहेब देवळाबाहेर चिकटवा म्हणाले. नीलिमाने तो धर्माजीकडे दिला नाही. त्या शनिवारनंतरच्या बुधवारी ती स्वतः बसने चौकला गेली. त्या एकोणीस जणींतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. कागद चिकटवून त्यांना काय कळणार होतं?

शेडमधून बायका ओल्या हातांनीच आल्या. ओट्याखाली काही म्हाताऱ्या, पोरं, दोन-चार सुना. नीलिमा उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली. या एकोणीस जणी खऱ्या आहेत, त्यांनी कुणालाही फसवलेलं नाही, चूक कचेरीची आणि माझी. मग एकेक नाव. प्रत्येक नावाला गर्दीतून "हाय" असा आवाज येत होता, कुणाचा बारीक, कुणाचा रागीट. जिजाबाईचं नाव आलं तेव्हा ती नुसती पुढे येऊन उभी राहिली.

वाचून झालं. बायका शेडकडे निघाल्या. नीलिमाला वाटलं, आता म्हातारी काहीतरी बोलेल, निदान शिव्या देईल.

"वाचलास ता बरा केलास," जिजाबाई म्हणाली. "पन ता चोरांचा कागद लावला तवा समदा गाव हुबा व्हता गो. धर्माजीनं मोठ्यानं वाचून दाखवला व्हता. आज बाया न पोरा हान. बाप्ये दर्यात."

"कधी येतात?"

"भरतीला. पाच वाजतान, कवा साडेपाच."

नीलिमाने घड्याळ पाहिलं. पावणेबारा. भाईंदरची बस नाक्यावर उभी होती, कंडक्टर शेवटची हाक देत होता. मग बस गेली.

ती देवळाच्या पायरीवर बसली. जिजाबाई शेडमध्ये परत गेली. तिने पाणी विचारलं नाही, आणि नीलिमानेही मागितलं नाही. ऊन ओट्यावरून सरकत पायरीपर्यंत आलं, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वाढला, पोरं तिच्याकडे बघून बघून कंटाळली.

पाच वाजून गेल्यावर पहिली बोट दिसली. माणसं गुडघाभर पाण्यातून टोपल्या घेऊन वर येऊ लागली, आणि किनाऱ्यावर पुरेशी गर्दी झाली तेव्हा नीलिमा उठली आणि पहिल्या नावापासून पुन्हा वाचू लागली.